इरकलीचा काठ

गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी वहिनीने मला मागच्या खोलीतून हाक मारली, ती जरा चढ्याच आवाजात. "अगं, इकडे ये आधी. बघ तुझ्या त्या बायांनी काय करून ठेवलंय." त्या बाया म्हणजे भाचीच्या दोन पांढऱ्या उंदरी, पिठी आणि साखर. आदल्या रात्री पुण्यात चांगलीच थंडी पडली होती, पारा दहा-अकराच्या घरात उतरला होता, आणि झोपायला जाताना मीच आजीची जुनी गोधडी पिंजऱ्यावर पांघरली होती. सकाळी पाहते तो गोधडीचा एक कोपरा गजांमधून आत ओढला गेला होता आणि तिथल्या वरच्या थराला तळहाताएवढे भोक पडले होते. तो थर आजीच्या इरकली लुगड्याचा होता. गर्द निळे अंग आणि लाल काठ. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात टिश्यू पेपरचे जे पांढरे घरटे होते, त्यात आता निळ्या चिंध्या विणल्या गेल्या होत्या आणि घुमटाच्या कडेने काठाची वीतभर लाल पट्टी आत गेलेली दिसत होती. काम नीटनेटके होते, हे रागाच्या भरातही मान्य करावे लागले.

मी पिंजऱ्याचे दार उघडले, हात आत घातला आणि ते घरटे फोडून ती पट्टी बाहेर काढली.

घरटे आतून गरम होते.

वहिनीला मी कारण सांगितले ते खरेच होते. लांब धागा उंदराच्या पायाच्या बोटांना गुंडाळला जातो, करकचून बसतो आणि पाय सुजतो. म्हणून पाळीव उंदरांना सुताचे लांब दोरे किंवा दुकानात मिळणारा मऊ, न तुटणारा कृत्रिम कापूस देऊ नये, असे जाणते लोक सांगतात. परंतु धाग्याचाच प्रश्न असता तर निळ्या चिंध्याही मी काढायला हव्या होत्या, आणि त्या मी तशाच ठेवल्या. मला हवा होता तो काठ. आजी जाऊन बारा वर्षे झाली, तिची लुगडी कुठे कुठे वाटली गेली, आणि आता ओळखू येण्यासारखा तिचा एवढाच तुकडा घरात उरलेला असताना तो उंदरांच्या मुतात भिजावा, हे मला सोसले नाही. पिठी आणि साखर तोवर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या बाटलीखाली एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. साखरेच्या मिशा थरथरत होत्या. पट्टी धुऊन, वाळवून मी शिवणाच्या डब्यात ठेवली, गोधडीला जोडायची म्हणून. पुढे कितीतरी दिवस मला त्या गोधडीच्या भोकापेक्षा, बोटांना लागलेली ती ऊबच आठवत राहिली.

त्या दिवशी मला घरूनच काम होते. लॅपटॉप घेऊन मी मागच्या खोलीत बसले आणि कामापेक्षा पिंजऱ्याकडेच जास्त पाहिले. उंदीर दिवसा झोपतात, तरी घर मोडल्यावर त्यांना झोप कुठली. अर्ध्या तासाने पिठी पुढे आली. विस्कटलेल्या ढिगातला एक टिश्यूचा तुकडा तिने तोंडात धरला, कोपऱ्यात नेऊन टाकला, परत आली, दुसरा धरला. अशा दहा-बारा खेपा झाल्यावर ती त्या ढिगाच्या मधोमध जाऊन बसली आणि जागच्या जागी फिरू लागली. कुंभार चाकावर मातीच्या गोळ्यात अंगठा घालतो, तसे तिचे सारे अंगच त्या ढिगात खड्डा पाडत होते. मग बसल्या बसल्या तिने कडेचा कागद पुढच्या दोन पायांत धरला, दातांनी एक टोक पकडले आणि मान मागे नेत त्याची उभी चीर काढली. चीर काढण्याचा आवाज अगदी बारीक असतो. रात्री पंखा बंद असेल तर ऐकू येतो, कोणी शेजारच्या खोलीत लिफाफा फोडत असल्यासारखा. फाडलेली चीर ती अंगाखाली दाबी, नाकाने कडेला वर ढकली, पुन्हा फिरे. थोड्या वेळाने साखर आली, ती मात्र नुसतीच आत शिरून बसली आणि बहिणीच्या कामात अडचण करू लागली. पिठीने तिच्या अंगाभोवतीच भिंती उभारल्या. भिंती कानांच्या वर गेल्यावर आतून ओढून ओढून तिने छत जुळवले, आणि दीड-दोन तासांनी बाहेरून फक्त एक पांढरा-निळा गोळा दिसत राहिला, श्वासाबरोबर किंचित वर-खाली होणारा.

हे सारे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याची लाज वाटली. कारण आयुष्याची दोन वर्षे मी उंदरांच्या संगतीत काढली आहेत.

औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आमच्या कॉलेजच्या प्राणीगृहात माझे रोजचे जाणे-येणे होते. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे: भाताच्या तुसाचा धुळकट वास, त्यावर मुताचा अमोनिया, आणि सगळ्यांवरून फिनेल. लोखंडी मांडणीवर दुधी रंगाच्या प्लॅस्टिकच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, त्यांवर स्टीलच्या जाळीचे झाकण, झाकणाच्या खळग्यात खाद्याच्या कांड्या आणि उलटी टेकवलेली पाण्याची बाटली. प्रत्येक पेटीत सहा-सहा स्विस अल्बिनो. भारतातल्या औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला उंदीर म्हटले की हाच डोळ्यांसमोर येतो. क्लारा लिंच नावाच्या संशोधक बाईंनी १९२६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावाहून दोन नर आणि सात माद्या अमेरिकेत नेल्या, त्यांचा हा वंशविस्तार. आमच्या पेट्यांमधल्या त्यांच्या पणत्या-खापरपणत्यांना आल्प्स ठाऊक नव्हता आणि मुळामुठाही ठाऊक नव्हती. बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि भिंतीवरच्या तापमापकात बावीस अंश. उन्हाळ्यात बाहेरून घामाघूम होऊन आत शिरले की काय बरे वाटे! आम्ही म्हणायचो, उंदरांची चैन आहे, एसीत राहतात.

त्या पेट्यांत अंथरायला तूस असे, भाताचेच. ते स्वस्त, ओलावा शोषून घेणारे, आणि मावळात भात पिकत असल्यामुळे सहज मिळणारे. परंतु तुसाचे एक आहे की त्याला ना लांबी, ना लवचिकपणा. त्याची भिंत होत नाही. उंदीर त्यात खड्डा करीत, एकमेकांच्या अंगावर चढून एक ढीग करून झोपत, आणि ढिगाच्या वरचा उंदीर थोड्या वेळाने खाली शिरत असे. आम्हाला तो खेळ वाटे. खाली शिरणारा उंदीर उबेला शिरत होता, ही साधी गोष्ट दोन वर्षांत मला एकदाही सुचली नाही.

सुचली होती ती मामांना. प्राणीगृहाची सारी देखभाल ज्यांच्याकडे होती, त्या शिपायांना सगळे कॉलेज मामा म्हणे. मामांचे शिक्षण किती झाले होते मला माहीत नाही, पण कोणत्या पेटीत काय बिनसले आहे हे त्यांना आमच्या नोंदवहीआधी कळे. गाभण माद्यांच्या पेट्या ते वेगळ्या ठेवत आणि त्यांत प्रयोगशाळेतल्या वापरलेल्या नव्हे, कोऱ्या टिश्यू पेपरचे तुकडे टाकत. हा टिश्यू आमच्याच टेबलावरून जाई आणि महिन्याच्या हिशेबात कमी पडे. एकदा मी हटकले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, बाळंतिणीला उघड्यावर झोपवतं का कोणी?" उंदराचे पिल्लू जन्मतः एखाद्या ग्रॅमचे असते, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, ते उघडायला दोन आठवडे लागतात. त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. मामा ती पिल्ले न मोजता, नुसते घरटे पाहूनच सांगत, की सगळे ठीक आहे. घरटे पसरट झाले, किंवा टाकलेला कागद टाकल्या जागी तसाच पडून राहिला, तर मान हलवत. "कागद उचलला नाही तिनं. काहीतरी दुखतंय."

हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की झ्युरिकमध्ये पाउलीन यिरकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच मोजून दाखवले: शस्त्रक्रिया झालेल्या उंदराचे घरटे ओबडधोबड होते, आणि त्यावरून त्याच्या वेदनेचा अंदाज बांधता येतो. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या काही पशुवैद्यकांनी त्याहून सोपी कसोटी सांगितली. पिंजऱ्यात घरट्यापासून दूर एक छोटा तुकडा टाकायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. धडधाकट उंदीर तो उचलून घरट्यात नेऊन लावतो. ज्याला बरे नाही, तो नेत नाही. मामांची कसोटी आणि ही कसोटी, यांत घड्याळाचाच काय तो फरक.

आणि माझा प्रबंध वेदनाशामकांवर होता. आमच्याकडे ती चाचणी सर्रास करतात: उंदराच्या पोटात पातळ ॲसिटिक ॲसिड टोचायचे, काही मिनिटांत तो पोट आवळून अंग ताणू लागतो, मागचे पाय लांबवतो, अशी ताणणी वीस मिनिटांत किती वेळा होते ते मोजायचे, आणि औषध दिलेल्या गटात ती कमी झाली की औषध गुणकारी. मी हातातल्या मोजयंत्राचे बटण दाबत असे. टिक, टिक. वीस मिनिटांनंतर त्या उंदरांचे काय होई, याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. तुसात त्यांना बांधण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून कोण बांधतो आहे आणि कोण गप्प बसला आहे, हे दिसण्याचाही प्रश्न नव्हता. मी निर्दय होते असे मला आजही वाटत नाही. समितीची परवानगी होती, मार्गदर्शक होते, आणि त्या चाचणीतून गेलेल्या गोळ्या मी डोके दुखले की घेतेच. तरीही त्या सकाळी पिठीच्या खेपा मोजताना माझा अंगठा आपोआप हलत होता, तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभी राहिले.

बावीस अंशांचा हिशेब असा आहे. हे तापमान माणसाच्या सोयीचे. अंगात अॅप्रन, हातात मोजे घालून काम करणाऱ्याच्या सोयीचे. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या जिवाला आपले अंग तापवण्यासाठी जादा खटपट करावी लागू नये असे तापमान तिशीच्या आसपासचे असते. जीव जेवढा लहान, तेवढे त्याच्या आकाराच्या मानाने उघडे अंग जास्त आणि ऊब निसटण्याची घाई जास्त. एवढासा उंदीर दिवसभर खात असतो त्यातले बरेचसे नुसते शेकोटीत जाते. आमच्या एसीतली चैन म्हणजे त्यांच्यासाठी न संपणारा पौष होता. म्हणून गर्भार मादी काय, नर काय, पिल्ले नसलेली म्हातारी काय, सगळेच उंदीर घरटे बांधतात. पिल्लांसाठीचे घरटे मात्र निराळे, अधिक मोठे आणि बंद. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गॉटफ्रीड कोलर यांनी १९५२ सालीच पांढऱ्या उंदरांवर दाखवले होते की त्या वाढीव बांधकामामागे गर्भारपणातले संप्रेरक असते. रोजच्या निजेचे घरटे मात्र थंडीशी केलेला रोजचा व्यवहार.

त्या व्यवहाराचा दर काढण्याचाही एक प्रयोग झाला आहे आणि तो मला फार आवडतो. पर्ड्यू विद्यापीठात ब्रिॲना गॅस्किल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना नळीने जोडलेले दोन पिंजरे दिले. एका पिंजऱ्यात वीस अंशांची थंडी, पण घरट्याचे सामान. दुसऱ्यात सामान नाही, पण ऊब. सामान दोन ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत वाढवत न्यायचे, ऊबही पायरीपायरीने वाढवायची, आणि उंदीर कुठे मुक्काम करतो ते पाहायचे. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. थंडीची भरपाई व्हायला सहा ते दहा ग्रॅम सामान हवे, असा त्यांचा हिशेब निघाला. तरी त्यातली खरी गंमत वेगळीच आहे. काही उंदरांनी ‘हे की ते’ हा प्रश्नच मान्य केला नाही. त्यांनी थंड पिंजऱ्यातले सामान तोंडात धरून, नळीतून ओढत, एकेक खेप करत उबदार पिंजऱ्यात नेले आणि तिथे घर बांधले. प्रयोग मांडणाऱ्याची बुद्धी आणि प्रयोगात मांडलेल्याची बुद्धी यांच्या सामन्यात मी कोणाच्या बाजूने आहे, ते सांगायला नको.

गोधडीच्या प्रकरणानंतर भाचीने पिंजऱ्याचा ताबा माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःचा बाजार मांडला. ती चौथीत आहे. रोज रात्री नऊ वाजता पिंजऱ्यात दोन वस्तू टाकायच्या आणि सकाळी काय गेले, काय राहिले ते वहीत लिहायचे. टिश्यू पेपर, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, नारळाचा काथ्या, सुतळी, वाळलेले गवत, जुन्या बनियनचे बोटभर तुकडे, एकदा मोदकाच्या भांड्यातला वाळलेला हळदीच्या पानाचा तुकडासुद्धा. औषधाच्या दुकानातला कापूस मी धाग्याच्या भीतीने नको म्हटले. टिश्यू सकाळपर्यंत कधीच शिल्लक राहिला नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या गेल्या, पण त्या चिरल्या न जाता घुमटाच्या बाहेरच्या अंगाला वासे लावावेत तशा लागल्या. काथ्या तीन दिवस पडून राहिला. चौथ्या दिवशी तोही बाहेरच्या बाजूला, दाराच्या तोंडाशी दिसला. सुतळीचा एक तुकडा पिठीने सबंध रात्र उकलला असावा, कारण सकाळी सुतळी नव्हतीच, तिच्या जागी पिंगट लव होती, आणि ती पार आत, अस्तराला. हळदीच्या पानाचा वास घेऊन दोघी मागे सरल्या. भाचीने वहीत लिहिले: ‘नाव ठेवली.’

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हेलीन फान द वेर्ड यांनी अशीच निवड १९९७ साली पद्धतशीरपणे तपासली होती. लाकडाच्या ढलप्या-तंतूंपेक्षा उंदरांना कागद, टिश्यू, फडक्यासारखे सामान अधिक पसंत पडले. पुढच्या वर्षीच्या कामात तर आयते घरकुल आणि घरट्याचे सामान यांतून उंदरांनी सामान निवडले. आयत्या घरापेक्षा सामान! माझ्या भावाने बाल्कनीसकट सोसायटीतला फ्लॅट बुक केला तेव्हा आजी असेच काहीसे म्हणाली होती, पण तो विषय इथे नको. मुद्दा असा की आयते घरकुल उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तेवढेच असते. सामान असले की भिंत जाड-पातळ करता येते, छत उघडता-मिटता येते. ऊब किती हवी हे ज्याचे त्याला ठरवता येते.

तरी ‘निवड’ हा शब्द लिहिताना माझे बोट अडखळते. आम्ही टाकलेल्या दोन वस्तूंतून त्या एक उचलत. रानातला उंदीर शेताच्या बांधात बीळ करतो, त्यात गवत, कणसांचे पापुद्रे, पिसे, गुराखी विसरून गेलेले फडके, जे हाती लागेल ते नेतो. किती दूर जायचे, केव्हा परतायचे, घुबडाला किती भ्यायचे, हाही त्या निवडीचाच भाग. पिठी आणि साखरेला मिळतो तो बाजार रात्री नऊला भरणारा, आणि त्यात फक्त दोन दुकाने. कॉनेटिकटमधल्या कॅरल लिंच यांनी, त्या आधीच्या क्लारा लिंच वेगळ्या, घरट्यासाठी किती ग्रॅम कापूस ओढला जातो ते तोलून, जास्त ओढणाऱ्यांची जास्त ओढणाऱ्यांशी आणि कमी ओढणाऱ्यांची कमी ओढणाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडी जमवली. काही पिढ्यांत मोठी घरटी बांधणारे आणि जेमतेम बांधणारे असे दोन वेगळे वंश उभे राहिले. म्हणजे पिठीच्या खेपांमागे तिच्या आयांचे कापूस ओढणे आहे. आणि तरी, मोडलेले घर अर्ध्या तासात पुन्हा मांडायला घेणारी पिठीच होती, तेच रक्त असलेली साखर नव्हे.

आजीची गोधडीही अशा निवडीतूनच होई, हे मला या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवले. नवे कापड तिला चालत नसे. शंभरदा धुतलेले, अंग सैल झालेले सुती लुगडेच तिला हवे, ती ते गालाला लावून पाही आणि मग म्हणे, "आता झालं बघ हे." नायलॉनची साडी कोणी आणून दिली की "निसटतं मेलं" म्हणून परत करी. मधल्या थरांत आजोबांची धोतरे, उशांचे अभ्रे, फाटके परकर, असे जाडेभरडे जाई. अंगाला लागणारा थर मात्र मऊच. पिठीने गजांमधून ओढायला नेमका तोच निवडला होता. खालच्या जाड धोतराला तिचे दात लागलेही नव्हते.

पिंजऱ्याची साफसफाई दर रविवारी माझ्याकडे असते. कॉलेजात आम्ही पेट्या बदलताना जुन्या पेटीतले सगळे कचऱ्यात ओतायचो आणि उंदीर शेपटीला धरून कोऱ्या तुसात सोडायचो. त्या दिवशी नरांच्या पेट्यांत हमखास भांडणे होत, सकाळी एखाद्याच्या पाठीला चावे दिसत. डच संशोधकांनी २००० साली दाखवले, की घरट्याचे सामान जुन्या पेटीतून नव्या पेटीत तसेच नेले तर नरांची भांडणे कमी होतात. मुताने भिजलेला भुसा नेला तर मात्र वाढतात. घरट्याचा वास निराळा, हद्दीचा वास निराळा. आता मी रविवारी पिंजऱ्याचे खालचे पारदर्शक तसराळे स्वच्छ करताना घरटे आख्खे, दोन्ही हातांच्या ओंजळीत, उंदरांसकट उचलते. ते हाताला चिमणीएवढे हलके लागते. आत कोणीतरी कूस बदलते.

संक्रांतीच्या सुमारास मी शिवणाचा डबा उघडला. गोधडीचे भोक वहिनीने केव्हाच तिच्या जुन्या सुती गाऊनचे ठिगळ लावून बुजवले होते, गुलाबी फुलाफुलांचे. ते निळ्यावर इतके बेढब दिसते की कोणालाही आता तो कोपरा चटकन सापडतो. काठाची पट्टी डब्यातच राहिली होती. मी कात्रीने तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, म्हणजे पायात अडकायला नको, आणि रात्री नऊ वाजता भाचीच्या परवानगीने पिंजऱ्यात टाकले. त्या कर्मकांडाने मला बरे वाटणार होते. साखर येऊन हुंगून गेली. पिठीने शेजारचा टिश्यू उचलला. सकाळी लाल तुकडे होते तिथेच होते, दुसऱ्या सकाळीही. "साबणाचा वास येत असेल," वहिनी म्हणाली. भाचीने वहीत ‘नाव ठेवली’ लिहायला घेतले, मग माझ्याकडे पाहून पेन्सिल थांबवली आणि रकाना कोरा ठेवला. तिसऱ्या सकाळी तुकडे दिसेनात. ते आत गेले की तुसाखाली गाडले गेले, हे घुमट उघडल्याशिवाय कळणार नव्हते, आणि मी दोनदा दाराच्या कडीपर्यंत हात नेला.

त्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर भाचीने दप्तरही न काढता पिंजरा दोन्ही हातांनी उचलला, टेबलाच्या कडेबाहेर धरला आणि आपण खाली वाकून तसराळ्याच्या तळातून वर पाहू लागली. "आत्या, खालून दिसतं सगळं," ती म्हणाली. मी गुडघे टेकून तिच्याशेजारी बसले. घरट्याचा तळ प्लॅस्टिकला चिकटून होता. चार गुलाबी पावले, एक वळलेली शेपटी, पोटाची दाबली गेलेली पांढरी लव, आणि त्यांच्याखाली पिंजून पिंजून कापूस झालेल्या टिश्यूमध्ये कुठेकुठे लाल धूळ सांडल्यासारखी दिसत होती. "ती बघ," भाची म्हणाली, "तिथे थोडा काठ आहे." मला तो कुठेच दिसला नाही. पिंजरा जड झाला तशी तिने तो टेबलावर ठेवला, आणि आत दोघींनी बूड हलवून पुन्हा जागा घेतली.